नऊपर्यंतचं मौन

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना एवढंच सांगितलं होतं, "साखर काठावर आहे, प्रेशर थोडं जास्त आहे. रोज चाला, गोड कमी करा, डोकं शांत ठेवा." साधी गोष्ट. पण नुकताच रिटायर झालेला माणूस साधी गोष्ट साधी राहू देत नाही. आयुष्यभर ऑफिसात ज्यांनी एका सहीला आठवडा लावला, त्यांनी तब्येत मात्र दुसऱ्याच दिवशी पहाटे हातात घेतली.

सुरुवात कोमट पाण्यानं झाली. मग त्यात लिंबू आलं. मग मोबाइलवरचे व्हिडिओ आले. एक दिवस मला बोलावून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ज्वारी लई भारी हाय म्हणे. परदेशातले लोक खाऊन राहिले." लग्न होऊन लातूरला आल्यापासून मी दोन्ही वेळा भाकऱ्या थापतेय, त्या काय कागदाच्या होत्या? दर येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात बसून गाडगंभर आंबील रिचवणाऱ्या माणसाला, आंबील पोटाला चांगली असते हे व्हिडिओतल्या एका मुलीनं सांगावं लागलं. मी म्हणाले, बरं झालं, कळलं एकदाचं.

इथपर्यंत मी हसत होते. हे मैदानावर चालायला जायला लागले, तिथं त्यांच्यासारख्याच रिटायर मंडळींचा गट भेटला. चालून झालं की हे सगळे गोल करून, हात वर करून मोठमोठ्यानं हसतात. घरी हसलं तर दात झिजतील अशा बेतानं राहणारी माणसं ही! पण त्याचंही मला काही वाटलं नाही. नवऱ्याची तब्येत कुणाला नको असते?

मग त्या गटातल्या कुणीतरी ह्यांच्या डोक्यात मौनाचं खूळ भरलं. उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत एक शब्द बोलायचा नाही; मन स्थिर होतं, प्रेशर उतरतं. आणि इथं माझं बिनसलं.

मी शाळेत शिकवते. नऊ वाजले की घरातून निघते. संध्याकाळी परत येते तेव्हा माझा घसा बसलेला असतो आणि ह्यांच्या हातात रिमोट असतो. मुलं पुण्याला. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे सकाळचा चहा, मागच्या दाराच्या पायरीवर बसून, लग्नापासूनची सवय. बोलणं तरी काय? रात्री मच्छरांनी झोपू दिलं नाही, शेजाऱ्यानं गाडी आडवी लावली, दूधवाला पाणी घालून राहिला. त्यांनी कुरकुर करायची, मी "हाव" म्हणायचं, मध्येच माझी शाळेतली रड सांगायची. यात अध्यात्म शून्य. पण त्या बोलण्यावर माझा अख्खा दिवस निघायचा. आता मौनात गेला तो नेमका तेवढाच वेळ.

पहिल्या दिवशी मी चहा घेऊन पायरीवर बसले. हे शेजारी, डोळे मिटून. चहा संपला. मी दोन्ही कप उचलले आणि आत आले. मला राग आला, आणि रागाच्या खाली फार एकटं वाटलं. नांदेडच्या धाकट्या बहिणीला फोन केला तर ती म्हणते, "ताई, नशीबवान हायस तू. आमच्याकडचे पहाटेपासून बोलून राहिलेत. भावजींना म्हणावं, ह्यांना बी शिकवा हे मौन." ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मौन म्हणजे गप्प बसणं, असा माझा भाबडा समज होता. तसं नसतं. चहा कोमट झाला की भुवया वर. टॉवेल हवा की चुटकी. चष्मा सापडेना की हवेत दोन गोल. त्यांचं मन स्थिर होत होतं, आणि मी घरभर धावत अंदाज बांधत होते.

मग ती पाण्याची सकाळ आली. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आठवड्यातून केव्हातरी येतो, आणि आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, म्हणून पाणी पहिल्यांदा आमच्याच नळाला येतं. आलं की गल्लीभर ऐकू जाईल असं "पाणी आलं!" म्हणून ओरडायचं, हा आमच्या घराचा धर्म. अबोला धरलेली माणसंसुद्धा इथं पाण्यासाठी ओरडतात. वर आमच्या मोटारीला दोन माणसं लागतात; एकानं खाली बटन दाबायचं, दुसऱ्यानं गच्चीवर पाइप टाकीत धरायचा.

त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि हे अंगणात व्यायाम करत होते. नळ आला. ह्यांनी पाहिला. नऊ वाजले नव्हते. त्यांनी वर बघून दोन्ही हात जोरजोरात हलवले. मला वाटलं, नवा व्यायाम दिसतोय. मग त्यांनी उड्या मारल्या. म्हटलं, चांगली प्रगती आहे. मीही वरून हात हलवला आणि चादर पिळायला घेतली. शेवटी धापा टाकत ते गच्चीवर आले, मला हाताला धरून खाली नेलं आणि नळ दाखवला. नळानं एक उचकी दिली आणि बंद पडला. त्या दिवशी पाणी जेमतेम आलं आणि गेलं. आमची टाकी कोरडी, गल्ली कोरडी.

बरोबर नऊला ह्यांनी तोंड उघडलं. "पाणी आलं होतं."

गल्लीतल्या बायका बोलून गेल्या, त्याही मलाच. मी म्हणाले, "आठवड्याचं पाणी गेलं, पण तुमच्या तोंडून शब्द गेला न्हाई."

"टेन्शन घ्यायचं न्हाई म्हणले ना डॉक्टर," असं म्हणून ते नाश्त्याला बसले.

त्या दिवसापासून मीही मौन धरलं, फक्त ह्यांच्याशी. नऊपर्यंतचं नाही, दिवसभराचं. करायचं तर पोटभर करावं.

पुढच्या आठवड्यात त्यांची तपासणी आली. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून डॉक्टरांनी सकाळी आठलाच बोलावलं होतं. डॉक्टर विचारायचे, हे मान हलवायचे, आणि त्या मानेचा अर्थ मी सांगायचा. प्रेशर घेतलं. पूर्वी होतं तेवढंच निघालं. लिंबू, मौन, गोलातलं हसणं, सगळं धरून तेवढंच.

"मॅडम, आलाच आहात तर तुमचंही बघू," डॉक्टर म्हणाले. पट्टा फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. "तुमचं तर साहेबांपेक्षा बरंच जास्त आहे. झोप लागते का? मनातलं कुणाशी बोलता की नाही? घरात आहे ना कुणी बोलायला?"

मला तोंड उघडवेना. उघडलं असतं तर रडले असते, तेही कंपाउंडरसमोर. मी नुसतं बोट उचललं आणि शेजारच्या खुर्चीकडे दाखवलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. नऊ वाजायला बराच वेळ होता.

"हाय की," ते म्हणाले. "मी हाय." आवाज नीट फुटला नाही, सकाळपासून वापरला नव्हता ना. मग डॉक्टरांना म्हणाले, "लई जास्त हाय का हो? काय होईल तिला?" आणि पुढं थांबलेच नाहीत. ही उभ्यानं जेवते, गुडघा दुखतो तरी सांगत नाही, रात्री नुसती कूस बदलत राहते, सगळं सांगत सुटले. मला वाटत होतं, ह्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

मला गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन पायरीवर बसले तर शेजारून आलंच, "रात्री मच्छरांनी झोपू दिलं न्हाई." तिथून गाडी दूधवाल्यापर्यंत गेली. मी "हाव" म्हटलं आणि शाळेतली रड सांगितली.

पुढच्या तपासणीत माझं प्रेशर उतरलेलं निघालं. त्या रविवारी हे मला मुद्दाम मैदानावर घेऊन गेले. गोलाच्या मध्ये उभे राहून सगळ्यांना सांगितलं, "हिला मी लिंबू-पाणी सुरू केलं. त्याचा गुण हाय." मंडळींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझं सकाळचं बोलणं पायरीवर होऊन गेलं होतं.