देवापाशी ठेवलेली बाटली

भजन आटोपले, टाळ पिशवीत गेले की आमच्या मंडळींना घरी जाण्याची घाई नसते. मग विहिरीच्या संशोधनाचे किस्से निघतात. इतकी वर्षे झाली, तरी दर बैठकीत एखादा नवा निघतोच. पांडुरंगाच्या कृपेने सारे गोड झाले, म्हणून आज हसून सांगता येतात.

नव्वदच्या दशकात परदेशी विद्यापीठातल्या इन्ग्रिडबाई वाटूरजवळच्या आमच्या गावी आल्या. देवळामागच्या विहिरीचे पाणी त्यांना तपासायचे होते. दुभाषा मी. त्यांच्याआधी दोन पथके माहिती घेऊन गेली, ती पुन्हा फिरकली नव्हती. म्हणून मी विठ्ठलासमोर गावाला शब्द दिला, "निकाल आधी इथे सांगितला जाईल." त्या शब्दावर गाव राजी झाले.

*

पहिल्याच दिवशी बाईंनी विहिरीवर पाणी भरायला आलेल्या गयाबाईंना नाव विचारले.

"लिहा, एक बाई."

"पूर्ण नाव लागते," मी म्हणालो.

"मागच्यांना पूर्णच सांगितलं होतं, बुवा. ते गेले, नाव बी घेऊन गेले. आता न्हाई सांगत."

*

धोंडिबा आप्पांचा नियम निराळा. बाईंनी एक प्रश्न विचारला की आप्पाही एक विचारणार.

"घरात किती माणसं?"

"सात. तुमच्या?"

"मी एकटी."

"मंग पाणी कोण भरतं?"

"नळाला येतं."

"बराबर," आप्पा म्हणाले. "म्हणून तर आमचं पाणी बघायला सवड हाय."

मी भाषांतर केले. सर्वांत आधी बाईच हसल्या.

*

बाईंनी नमुन्याची बाटली भरली, तेव्हा गयाबाईंनीही एक भरली आणि गाभाऱ्यात ठेवली. "एक त्यांच्यापाशी, एक देवापाशी. उद्या काही भलतंच सांगितलं तर?"

दुसऱ्या दिवशी एकादशी. पुजाऱ्यांनी ती बाटली तीर्थ म्हणून वाटून टाकली! गावाचा पुरावा भक्तांच्या पोटात गेला. गयाबाईंनी रिकामी बाटली उलटी करून पाहिली.

"आता देवालाच बोलवा साक्षीला," म्हणाल्या.

*

बाई नमुना घेऊन परत गेल्या, त्याला वर्ष होत आले. रोज काकड्याला गयाबाई विचारीत, "बुवा, आल्या का तुमच्या मॅडम?" 'तुमच्या'वर जोर असे. मी विठ्ठलाकडे पाही. कमरेवर हात ठेवून तोही उत्तराची वाट पाहत आहे, असे वाटे.

*

अखेर सप्ताहात, भर दुपारी, जीप आली. बाईंना जालन्याहून संध्याकाळची गाडी गाठायची होती. निकाल माझ्या हाती देऊन त्या निघणार होत्या.

वीणेचा पहारा गयाबाईंचा होता. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. दुसरा घेईपर्यंत धरणाऱ्याने उभेच राहायचे. गयाबाई पुढे आल्या, त्यांनी नमस्कार केला आणि वीणा बाईंच्या गळ्यात घातली. मी नियम समजावला. बाईंनी सभोवार पाहिले. घ्यायला कोणी उठेना.

"आधी सांगा," गयाबाई म्हणाल्या, "पाणी प्यायचं का न्हाई?"

बाईंनी उभ्यानेच सगळा निकाल सांगितला; एकेक वाक्य मी मराठीत सांगत गेलो. पाणी पिण्यास योग्य होते. गुरांचा हौद तेवढा विहिरीपासून दूर हलवायचा होता. आप्पांनी "हरी हरी" म्हणत खांबाला पाठ टेकली. माझ्याही छातीवरचा भार उतरला.

गयाबाईंनी वीणेसाठी हात पुढे केले. बाई एक पाऊल मागे सरल्या.

"अहवालावर लिहायचं," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "आधी पूर्ण नाव."