हात सैल सुटेपर्यंत

बांगड्या भरायचं काम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सावली गावच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली अम्मीची सतरंजी ठरलेली. दहावीनंतर तिने मला शेजारी बसवलं तेव्हा मी इतकी मुखदुर्बळ होते, की गिऱ्हाईक समोर बसलं की माझी मान खाली जायची. पहिल्याच दिवशी एका बाईंचा हात मुकाट्याने दाबत राहिले आणि तीन बांगड्या फोडल्या. "काऊन वो पोरी, मुकी हायेस काय?" असं म्हणून त्या उठल्या, त्या परत माझ्यासमोर कधी बसल्या नाहीत.

घरात आम्ही हिंदीच बोलतो. त्या संध्याकाळी अम्मी म्हणाली, "चूड़ी हाथ से नहीं, बात से चढ़ती." दुसऱ्याने हात धरला की बाई तो आवळून घेते. गप्पांत गुंतली की हात सैल सुटतो, आणि तेवढ्यात बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकवायची. म्हणून पहिलं वाक्य आपण टाकायचं, तेही बांगड्यांचं नाही. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याचं विचारायचं, उन्हाळ्यात मोहफुलं वेचण्याचं, एरवी लेकीबाळींचं.

मी घरी शेळीसमोर बसून घोकायचे, "बाई, रोवना झाला काय?" शेळी निदान उठून जात नव्हती. बाजारात पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा समोरची म्हातारी म्हणाली, "कुठचा झाला वो, परे वाळून राह्यले," आणि वाळत चाललेल्या धानाच्या रोपांवर पुढची दहा मिनिटं बोलतच राहिली. माझी एकही बांगडी फुटली नाही. दोनेक वर्षांत मी अशी काही सुटले की अम्मीच मागे पडली. म्हणतात ना, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. मला माझ्या जिभेचा माज चढला होता. दुसरा शब्द नाही त्याला.

धाकटी बहीण सिरोंच्याला दिलेली. गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाला ती एकटी आली. आदल्या दुपारी घरातल्या सगळ्या बायका माझ्याकडून बांगड्या भरून घेत होत्या. ती म्हणाली, "आपा, मुझे सबके बाद." सगळ्या उठून जेवायला गेल्या, तेव्हा ती समोर येऊन बसली.

तिचा हात धरला आणि मला जाणवलं, तो लाकडासारखा ताठ होता. लहानपणापासून त्या हातात मी बांगड्या भरत आले, तो माझ्या हातात असा कधीच आवळलेला नव्हता. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मग मी गिऱ्हाइकाशी करते तेच केलं. गोदावरीचे मासे, तिकडचं तेलुगू, तिच्या सासूचं दुखणं, नवरीचा लेहंगा, एकामागून एक विषय काढत गेले. ती दोनदा म्हणाली, "आपा, सुन ना." दोन्ही वेळा मी "हाँ, हाँ, हाथ ढीला छोड़" म्हणत पुढचं वाक्य टाकलं. दोन्ही हातांत डझन डझन भरल्या, एकही फुटली नाही. मी खूश होते. ती हातांकडे बघत म्हणाली, "आपा, तुम बहुत अच्छा बोलने लगी." लग्न लागलं, आणि तिसऱ्या दिवशी नवरा येऊन तिला घेऊन गेला.

त्यानंतर तिचा फोन कमी होत गेला. लागला तर नवराच उचलायचा आणि स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरायचा. ती म्हणायची, "ठीक हूँ." पावसाळा संपता संपता मी अम्मीजवळ काळजी बोलून दाखवली, तर अम्मी म्हणाली, "तेरे को बताया नहीं उसने? उसको वापस नहीं जाना था. मेरे को बोली, आपा से बात करती, आपा अब्बा को समझाएगी." अम्मीला वाटलं होतं, तिने मला सांगितलं आणि मीच नको म्हटलं.

अब्बा माझंच ऐकतात. तिने बरोबर माणूस निवडलं होतं. त्या माणसाने तिला तोंड उघडू दिलं नाही.

मी सिरोंच्याला गेले. रस्ताभर पहिलं वाक्य शोधत होते. आयुष्यात हजारभर बायकांना बोलतं केलेली मी, तिच्यासाठी एक वाक्य जुळत नव्हतं. तिने पाणी आणून दिलं. मनगटं रिकामी होती. "काम में टूट गए," ती म्हणाली. सासू शेजारी खाटेवर बसली ती हललीच नाही. मी पिशवीतून बांगड्या काढल्या आणि बहिणीला समोर बसवलं. निदान हात तरी हातात येईल. या वेळी मी गप्प राहणार होते, तिला हवं तेव्हा, हवं ते, सासूदेखत का होईना, बोलू देणार होते. पुढचं पुढे बघून घेतलं असतं.

ती काहीच बोलली नाही. सुन ना, एवढंही नाही. नजर माझ्या खांद्यावरून अंगणात लागलेली. मी अंगठ्याचं हाड दाबायला घेतलं, तर दाबावं लागलंच नाही. हात सैल होता. एक शब्द न बोलता सगळ्या बांगड्या चढल्या.