आमच्याकडे सुतक नाही

माझे वडील आज सकाळी वारले.

आमच्याकडे सुतक नाही. दुपारी आईने शिरा केला. मी दोनदा घेतला.

ग्रुपवर हात जोडणाऱ्यांनो, जरा थांबा. हा नियम माझा नाही, बाबांचाच आहे.

बाबा राजुरीला शाळेत गुरुजी होते. रिटायर झाले आणि ध्यानशिबिरांना जायला लागले. आधी तीन दिवस, मग महिना-महिना. डिंभ्याला धरणाकाठी एक मठ आहे, तिथे.

घरी आले की आम्हाला आयुष्याचे चार टप्पे समजावायचे. ब्रह्मचर्य झालं, संसार झाला, आता पुढचं.

वानप्रस्थाला बायकोलाही सोबत नेता येतं, हे मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. म्हणाले, मी थेट संन्यासच घेतोय.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख तेव्हा नुकतीच मिळाली होती.

संन्यास घ्यायला बायकोची परवानगी लागते. ती त्यांनी रीतसर घेतली. दीक्षेच्या मांडवात, माईकवर, सगळ्या गावासमोर. आई काय नाही म्हणणार?

मग स्वतःचं श्राद्ध स्वतः केलं. स्वतःच्या नावाचा पिंड ठेवला. म्हणजे घरच्यांसाठी माणूस मेला. मागून जेवणावळ झाली, बुंदी होती.

ऑपरेशनच्या फॉर्मवर सही मी केली.

पाच वर्षांनी मठाची जीप दारात आली. स्वामीजींना लकवा मारला होता. शिष्य म्हणाले, आता घरच्यांनी सेवा करावी.

बाबा मागच्या सीटवर होते. माझ्याकडेच बघत होते.

आई उंबऱ्यात उभी राहिली.

"ह्यांचं श्राद्ध झालंय. त्या पंगतीला मी सोता जेवले. मेलेलं माणूस आमी घरात घेत नाय."

जीप वळली. मी थांबवली नाही.

लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आजही वाटतंय.

आज मठातून फोन आला. समाधी देताना मुलगी हवी, फोटो काढायचेत. मी गेले नाही.

मग चुलती आली, आईचं कुंकू पुसायला.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते गेले तवा मी सवाशीण का विधवा, कुणी इचारलं न्हाई. आता बी इचारू नगा."

चुलती चहा न घेता गेली.

स्वामीजी, तुम्हाला चारचौघांसारखी श्रद्धांजली.

बाबांसाठी मी तेव्हाच मांडवामागे रडून घेतलंय.