एकट्यानं द्यायचं उत्तर

माझे बाबा फोटोंना फ्रेमा करायचे. हॉस्पिटलमधल्या किडनीदात्यांचे फोटो त्यांच्याकडेच यायचे. ते तिथल्या लांब व्हरांड्यात ओळीनं लागत. येणाऱ्याजाणाऱ्याला हुरूप यावा म्हणून. बाबा काच पुसता पुसता म्हणायचे, "काय काळीज असेल एकेकाचं!" स्वतः मात्र इंजेक्शनचं नाव काढलं की पांढरेफटक. आम्ही त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायचो.

मोठ्या काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि सगळं घर बाबांकडे बघायला लागलं. मागितली कुणीच नाही. मागितली असती तर नाही तरी म्हणता आलं असतं! काकू त्यांना आग्रह करकरून वाढायच्या. हॉस्पिटलच्या समुपदेशक बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "आता तुमचा फोटो तुम्हीच मढवायचा हं!" बाबा हसले. त्या दिवशी त्यांच्या हातून तीन काचा फुटल्या. पुढे त्यांचं अन्न तुटलं, आणि आम्हाला वाटलं, भावाची काळजी.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. प्रत्येक दात्याला त्या असंच एकट्याला विचारायच्या. आतलं बोलणं मला फार नंतर कळलं.

"जुळतेय," त्या म्हणाल्या. "पण मनात नसेल तर आत्ताच सांगा. खरं कारण मी कुणालाही सांगणार नाही."

बाबांना रडूच फुटलं. "नको हो. मला फार भीती वाटते."

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं, "यांची घेता येणार नाही." काकू मटकन खाली बसल्या. मग एकेक नजर माझ्याकडे वळली. मी एकोणीस वर्षांची. तोंडातून निघून गेलं, "मग माझी बघा."

काकूंनी मला कवटाळलं. "माझी शूर पोर ती!" मला तिथून पळून जायचं होतं.

बाबा भिंतीला धरून उभे राहिले. "डॉक्टर, माझीच घ्या. मघाशी मीच नको म्हणालो होतो."

"आत या. शांतपणे परत बोलू."

"आत नको," बाबा म्हणाले. "आत आलो तर पुन्हा नाही म्हणेन."

दोघं भाऊ आता बरे आहेत. बाबांच्या धाडसाचे गोडवे सगळे गातात. मलाही द्यायची नव्हती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.