सगळ्यांना बाबा म्हणणाऱ्या सुमन सिस्टर

सुमन सिस्टर कुणालाच नावानं हाक मारत नसत. म्हातारा दिसला की बाबा, म्हातारी दिसली की आई. ‘‘बाबा, हात द्या बघू,’’ एवढं म्हणायचा अवकाश, सुई बघून बोंबलणारा माणूसही मुकाट हात पुढे करी. मंचरच्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी नवी नर्स होते. मला त्यांचा हेवा वाटे.

त्याच हाकेनं घात केला.

निरगुडसरचे एक आजोबा तापानं दाखल होते. त्यांची खाट दाराजवळ. आतल्या खाटेवर पिंपळवंडीचे एक म्हातारे, त्यांना सारखं संडासला जावं लागे. ‘‘पावणं, तुमी हिकडं या, मी जातो तिकडं,’’ म्हणून आजोबांनी आपली खाटच देऊन टाकली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सुमन सिस्टर पिंपळवंडीकरांचं इंजेक्शन घेऊन नेहमीसारख्या आतल्या खाटेशी गेल्या. ‘‘बाबा, हात द्या.’’ आजोबांनी दिला. सलाईनच्या नळीतून औषध गेलं. ते त्यांच्या अंगाला मानवलं नाही, पाहता पाहता श्वास अडकला. डॉक्टर धावले, होतं ते सगळं केलं. आजोबा गेले.

डॉक्टरांनी घरच्यांना हार्ट बंद पडल्याचं सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, विषय संपला. सुमन सिस्टरांचा कुठला संपायला! त्यांनी सुईला हात लावणं सोडलं. जेवणाचा डबा तसाच घरी नेत. एकदा म्हणाल्या, ‘‘मी सांगनार हाये त्यांच्या घरच्यांना.’’

मी चिडलेच. ‘‘नोकरी जाईल, केस होईल, त्यांची पोरं अंगावर येतील.’’

‘‘येऊ दे की. माझ्या हातून झालंय, तर माझ्या तोंडानं कळू दे.’’

पुढे नोकरी गेली आणि केसही झाली. मी म्हटलं ते खोटं नव्हतं.

त्याआधी, आजोबांच्या दशक्रियेला त्या नदीवर निघाल्या. एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही गेले. भाषणं चालली होती. मुलानं माइकवर आभार मानले, ‘‘सुमन सिस्टरनी लई केलं आमच्या आबांचं.’’ माणसं वळून बघायला लागली. सिस्टर उठल्या आणि थेट बायकांत बसलेल्या आजींपुढे, आजोबांच्या बायकोपुढे, जाऊन बसल्या.

‘‘आई, आबा हार्टनं न्हाई गेले. दुसऱ्याचं इंजेक्शन मी त्यांना दिलं. चूक माझी हाये.’’

मुलगा धावून आला. आजींनी त्याला हातानंच थांबवलं.

‘‘ताप आला तवा मी घरीच काढा पाजत बसले व्हते,’’ आजी म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला. मीच मारलं त्यांना. तुला माफ न्हाई करनार मी, बाई. पन सांगितलंस, आज मला घास उतरंल.’’