माझं पोट घ्या, म्हणालो मी

मी चौथीपर्यंत शिकलो. पण बाईच्या छातीचं ऑपरेशन किती तऱ्हेचं असतं, हे मला कोणीही विचारावं, उभ्या उभ्या सांगीन. लोक लाजतात. मी लाजत नाही.

लातुरात तेव्हा क्लासेसचा जोर होता. गल्लोगल्ली बाहेरगावची पोरं. आमची त्या पोरांची खानावळ. बायको भाकरी थापायची, मी वाढायचो आणि ओरडायचो. एक दिवस ती म्हणाली, "अहो, छातीत गाठ लागून राहिली. दुखत न्हाई."

"दुखत न्हाई तर फिकीर कशाची?"

ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. ऑटो केला आणि एकटीच दवाखान्यात गेली. भोकरकडची बाई, ऐकते कुणाचं!

तपासणीत कॅन्सर निघाला. मग मात्र मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मोकळी. म्हणाली, "गाठ छोटी आणि एकच असती तर तेवढीच काढून स्तन राखला असता, नंतर मशिनीचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला असता. पण मावशी, तुमच्या दोन ठिकाणी गाठी आहेत. पूर्ण काढावा लागेल. लवकर आलात, ते फार बरं केलंत."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. पण बाई पुढं बोलतच होती. काढल्यावर छाती सपाट ठेवता येते, कपड्याच्या आत घालायला तयार उशी मिळते. नाहीतर नवा स्तन घडवता येतो. त्याच ऑपरेशनात किंवा पुढं कधीतरी, सावकाश.

मी म्हणालो, "बाई, जीव वाचवा, बास झालं. खामखा नक्षीकाम कशाला? या वयात बघतंय कोण?"

"मला पाहिजे," बायको म्हणाली.

"अगं, पण उपयोग काय त्याचा?"

"तुमच्या ओट्याचा काय उपयोग होता?"

झालं! ओट्यावर आली ही. भूकंपात गावाकडचं आमचं घर पडलं, तेव्हा नव्या गावठाणात सरकारनं घर दिलं. चार भिंती, वर स्लॅब, पण पुढं ओटा नाही. मी अडून बसलो की घराला ओटा पाहिजेच. सगळं गाव हसलं. पत्र्याच्या शेडात राहून मी पडक्या घराचे दगड वाहिले आणि ओटा बांधला. ओट्याबिगर ते घर माझं वाटतच नव्हतं. हिनं तेव्हा मला एका शब्दानं उपयोग विचारला नव्हता. दगड मात्र उचलू लागली होती.

मी खुर्ची पुढं ओढली. "बाई, सांगा. सगळं सांगा. कसं घडवता?"

मग काय, मी विचारत गेलो, ती सांगत गेली. एक तर सिलिकॉनची पिशवी बसवायची. पण ती जन्माला पुरेलच असं नाही, पुढं बदलावी लागू शकते, आणि शेक द्यायची पाळी आली तर भोवती घट्टपणा येतो. नाहीतर अंगाचंच मांस आणायचं, पोटाचं किंवा पाठीचं. त्यात जखमा दोन, बरं व्हायला वेळ जास्त.

"पोटाचं चांगलं बसतं," बाई म्हणाली, "पण मावशींच्या पोटावर मांसच नाही."

मी उठून शर्ट वर केला. "मग माझं घ्या! लागेल तेवढं घ्या!"

बाई हसून हसून बेजार. "काका, दुसऱ्याचं मांस अंग धरत नाही. ज्याचं त्याचंच लागतं."

"दुसऱ्याचं कसं?" बायको म्हणाली. "माझ्याच भाकरीवर वाढलंय ते. माझंच हाय की!"

शेवटी पाठीचं ठरलं. मांस तिथून पुरतं तोडायचं नाही, रक्ताची नस शाबूत ठेवून काखेखालून पुढं फिरवायचं, आत छोटी पिशवी. ही हिकमत ऐकून मी मांडीवर थापच मारली! स्पर्श पहिल्यासारखा कळणार नाही, हेही बाईनं आधीच सांगितलं. बायकोनं एकच विचारलं, "भाकरी थापता येईल का?"

"येईल. पण हाताचा व्यायाम नेमानं करायचा."

ऑपरेशन नीट झालं. तिचा हात चालेपर्यंत भाकरी मी थापल्या. पोरं म्हणायची, "काका, ही भाकरी हाय का कौल?" खाल्ल्या मात्र सगळ्यांनी.

हात डोक्याच्या वर जायला लागला तसा ती म्हणाली, गावाकडं जाऊ. एसटीतून उतरली ती थेट ओट्यावर जाऊन बसली, भिंतीला पाठ हलकेच टेकून. आयाबाया जमल्या. शेजारची म्हातारी वाकून म्हणाली, "का गं, खोटं बसवलं म्हणं?"

"खोटं कशाचं? माझ्याच पाठीचं हाय. आत जराशी पिशवी." मग माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी तर सोताचं पोट काढून ठेवलं होतं. डॉक्टरीणच नको म्हणली."

सगळा ओटा हसला. मी मान खाली घातली नाही. शर्ट वर केला आणि म्हणालो, "बघून घ्या. अजून हाय."