मुकादमाचा पट्टा

माझा मामा कुणाच्याही घरी गेला की आधी खुर्चीची गादी दाबून बघतो, मग बसतो. सोफा असेल तर घरचे लोक चहा आणायला आत वळल्याबरोबर उशी उलटी करून खालची शिवण तपासतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासूबाई पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आल्या, तर मामाचं डोकं त्यांच्या सोफ्याखाली. लग्न तरीही झालं. त्याचं श्रेय मामा अजून त्या सोफ्याच्या चांगल्या शिवणीला देतो, आणि मी त्यावर वाद घालणं सोडून दिलं आहे.

मामा गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. पुढे एक गाडी उभी राहील एवढी मोकळी जागा, मागे शिवणयंत्र, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि कोपऱ्यात फोमच्या तुकड्यांचा ढीग, एवढंच त्याचं दुकान. कानावर खडू आणि गळ्यात टेप असते, पण माप तो वितीनेच घेतो. टेप फक्त गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. त्याचा अभिमान एकच. कव्हर असं बसलं पाहिजे की सीट जणू ते अंगात घालूनच जन्माला आली. सुरकुती नको, लोंबता दोरा नको आणि भोक तर मुळीच नको. भोक पाडायला उंदीर पुरतो, त्याला कारागीर कशाला हवा, असं त्याचं म्हणणं.

त्या फोमच्या ढिगावर मुकादम बसतो. मुकादम म्हणजे मामाचा कुत्रा. तपकिरी रंग, एक कान ताठ आणि एक पडलेला. एवढंसं पिल्लू असताना तो कुणाच्या तरी गाडीच्या बोनेटखालून निघाला. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं, पिल्लू मागे राहिलं. दिवसभर तो ढिगावरून सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवतो, स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, म्हणून त्याला हे नाव पडलं.

गेल्या वर्षी मामाच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, जुळी झाली. ताई राहते डोंगरापलीकडच्या गावात. दोन तान्ही, घरात नवरा-बायको दोघंच, आणि दोघांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तेव्हा मामा-मामीने सहा महिने तिकडे जाऊन राहायचं ठरवलं. दुकान भागीदार बघणार होता, सामान टेम्पोने पुढे गेलं होतं आणि ही दोघं रविवारी आपल्या गाडीने निघणार होती. आवराआवरीला म्हणून मी आठवडाभर आधी येऊन राहिले होते. सगळं जमलं होतं, फक्त मुकादमाचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

मामी बोलते कमी, पण निकाल देते. तिचा निकाल असा, की ज्या गाडीत मुकादम असेल त्या गाडीत ती पाय ठेवणार नाही. आणि याला कारण होतं. महिन्यापूर्वी तिघं गाडीतून येत होती. मामी मागे, कारण पुढे बसलं की समोरून येणाऱ्या गाड्या बघून तिला गरगरतं. शेजारी मुकादम. गल्लीच्या तोंडाशी मुकादमाला मांजर दिसलं, त्याने मागून जी झेप घेतली ती थेट मामाच्या मांडीवर. चाक फिरलं आणि गाडी जाऊन हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीला धडकली. मामाला पट्टा होता, त्याला काही झालं नाही. मुकादमाला त्याने पोटाशी धरलं होतं, त्यालाही काही झालं नाही. मामीचं कपाळ मात्र पुढच्या सीटवर आपटलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

हार्डवेअरवाले काका तसे भले. पायरीचा तुकडा उडाला तरी हसले, आणि आता सहा महिने मुकादमाला सांभाळतो म्हणाले. फक्त त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची सतत ये-जा, म्हणून कुत्र्याला बांधून ठेवावं लागणार होतं. त्यांनी आपल्याच दुकानातली एक चांगली जाड साखळी काढून ठेवली होती आणि मामाला ती दाखवलीही. मामा घरी येऊन जेवायला बसला आणि ताट तसंच ठेवून उठला. मुकादमाच्या गळ्यात त्याने साधी दोरीही कधी बांधली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मामीला म्हणाला, की मुकादम जागचा हलणारच नाही अशी सोय केली तर? मामीने भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, की शनिवारी बाजारापर्यंत एक फेरी मारू. सगळे धड परत आलो तर विचार करीन. नाहीतर साखळी आहेच.

एवढं पुरे होतं. मामाने दुकानात जाऊन पट्ट्याची नवी कोरी गुंडाळी उघडली. जुने पट्टे ढीगभर पडले होते, ते घे ना, असं मी म्हणाले, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला उष्टं वाढलं होतं. एकदा हिसका खाल्लेल्या पट्ट्याचा भरवसा धरायचा नसतो म्हणे. दुपारपर्यंत त्याने गळपट्ट्याला अडकवायचा एक छान पट्टा शिवला आणि आम्ही तो मुकादमासकट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेला. बाईंनी शिवणीचं कौतुक केलं आणि पट्टा परत मामाच्या हातात दिला. ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येईल, म्हणाल्या, छातीवरून घ्या. पट्टा आखूड ठेवा, बसता-झोपता आलं पाहिजे, पुढे मात्र पोहोचता कामा नये. आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा खायची हौस बंद. मुकादमाने ते ऐकून जांभई दिली.

मामा पुन्हा बसला. या वेळी त्याने छातीला रुंद पट्टे घेतले, आतून फोम लावला, काखेत घासू नये म्हणून कडा दुमडून शिवल्या. पाठीवर मजबूत कडी, कडीतून आखूड पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला गाडीच्या बकलात जाऊन बसेल अशी धातूची जीभ. कडेला निळी पायपिंग कशाला, ते विचारायची सोय नव्हती. गाडीच्या कव्हरांना निळी पायपिंग होती म्हणून. मापं घेताना मुकादमाने शहाण्यासारखे दोन्ही पुढचे पाय वर केले. शिंप्याकडे लहानपणापासून राहिल्याचा परिणाम.

संध्याकाळी मामाने त्याला अंगरखा चढवला आणि गाडीत मागे बसवलं. मामी दारात हाताची घडी घालून उभी होती. मी पलीकडच्या दाराशी. मामाने पट्टा धरला आणि बकल शोधायला सीटवर हात फिरवला. हात मधून कडेला गेला, कडेवरून मध्ये आला. मग त्याने दुसऱ्या बाजूने चाचपून बघितलं. काय शोधताय, असं मामीने विचारलं. काही नाही, म्हणाला, आणि सीटकडे बघत राहिला.

ते मागचं कव्हर त्याने स्वतः शिवलं होतं. सगळ्या गावात त्याच्याइतकं गुळगुळीत कव्हर कुणाच्या गाडीत नव्हतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड, भोक नाही, सुरकुती नाही. आणि तिन्ही बकलं त्याच्याखाली. गिऱ्हाइकं नेहमी सांगायची, मागची बकलं टोचतात, झाकून टाका. मामा आनंदाने झाकायचा, तेवढंच कव्हर सुबक दिसतं. तेच त्याने आपल्या गाडीतही केलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही त्या संध्याकाळी डोळ्यांनी बघितला.

मी हसणार होते. पण मामाचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. तो दुकानातून मोठी कात्री घेऊन आला. आपल्या हाताचं काम कापताना त्याला पहिल्यांदाच बघत होते मी. खडूने खूण केली, एकदा पुसली, पुन्हा केली, आणि कापलं. आतून बकल बाहेर आलं, धूळ बसलेलं, बाकी अगदी नवं. कारण ते कधी कुणी वापरलंच नव्हतं. त्याने दुसरं काढलं, तिसरं काढलं. ते तिसरं मामीच्या बाजूचं होतं. त्यावर अंगठा ठेवून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, मग गाडीतून बाहेर आला आणि मामीसमोर जाऊन उभा राहिला.

"अगं, ते टेंगूळ," तो म्हणाला, "ते एकट्या मुकादमानं नाही दिलं. उडी त्यानं मारली. पण तुला पट्टा लावायला जागाच मी ठेवली नव्हती. मी स्वतः पुढं पट्टा लावून बसत होतो, आणि तुझा शिवून टाकला होता."

मामीचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिथे आता काही नव्हतं, तरी तिने चाचपून बघितलं. मला वाटलं आता वीज पडणार.

"म्हणजे निम्मा गुन्हा तुमचा," ती म्हणाली.

"निम्म्याहून जास्तच."

"मग त्याला निम्मी शिक्षा कमी. फेरीला येते मी." एवढं बोलून ती आत गेली, आणि मला वाटतं आत जाऊन हसली, कारण भांडी जरा जास्तच वाजत होती.

उरलेले दिवस मुकादमाची शाळा चालली. शाळेत विषय एकच. बकल 'खट्' वाजलं की बिस्कीट. आधी त्याचं बकल वाजलं की, मग मामीचंही वाजलं की, मग माझं आणि मामाचं. सगळ्यांची खटखट झाल्याशिवाय बिस्कीट बाहेर यायचं नाही. मुकादमाला हे आमच्यापेक्षा लवकर कळलं. गुरुवारी मी मुद्दाम पट्टा न लावता बसून राहिले, तर तो माझ्या कानात असा भुंकला की माझा चहा सांडला. माझ्या जिवाची त्याला काळजी होती असं नाही, त्याचं बिस्कीट माझ्यामुळे अडलं होतं. पण परिणाम तोच.

शनिवार आला. मामाने मागच्या काचेखालच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. मामी आणि मुकादम मागे, मी पुढे. खट्, खट्, खट्, खट्, बिस्कीट, आणि गाडी निघाली. मामा इतकी हळू चालवत होता की एका पायी चालणाऱ्या आजोबांनी आत डोकावून काही मदत हवी का विचारलं. मुकादमाला वाटेत दोन मांजरं दिसली. दोन्ही वेळा तो उठला, पट्ट्याने त्याला धरलं, आणि तो मोठ्या अधिकाऱ्यासारखा खाली बसला. मी आरशातून मामीचं तोंड वाचायचा प्रयत्न करत होते, पण तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

बाजाराच्या चौकात शिरलो तर पुढच्या टेम्पोतून प्लॅस्टिकच्या बादल्यांची अख्खी चवड सुटली आणि रस्ताभर नाचायला लागली. मामाने करकचून ब्रेक दाबला. मी पुढे झुकले आणि पट्ट्याने मला मागे ओढलं. मागे मुकादम सीटवरून उचलला गेला, छातीच्या पट्ट्यात अडला आणि जागेवर येऊन बसला. मामीही पुढे आली आणि थांबली, कपाळ आणि पुढची सीट यांच्यात चांगलं हातभर अंतर. सगळी बांधलेली होती. न बांधलेला फक्त डबा होता. तो फळीवरून सुटला, दोघांच्या मधून पुढे आला आणि मामाच्या टकलावर ठण्णकन आदळला.

बिस्किटं सगळ्या गाडीत पडली होती. मुकादम पट्टा पुरेल तेवढ्या टापूतली गोळा करायला लागला होता. मामा डोकं धरून मागे वळला. आधी मामीकडे बघितलं, मग मुकादमाकडे, मग पुन्हा मामीकडे. त्याच्या टकलावर बघता बघता टेंगूळ उठायला लागलं, अगदी लिंबाएवढं.

मामी हसायला लागली. पहिल्यांदा नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला पदराने डोळे पुसावे लागले. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, टेम्पोवाला बादल्यांमागे धावत होता, आणि ती हसतच होती. मग मामाही हसायला लागला, डोकं धरून. इतकं हलकं मी त्या दोघांना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"फिट्टंफाट झाली," मामी श्वास घेत म्हणाली. "उद्या निघताना त्या डब्यालापण पट्टा लावा. आणि मुकादमाची गादी आजच डिकीत टाका, नाहीतर घाईत विसराल."

घरी आल्यावर मामा आधी हार्डवेअरवाल्या काकांकडे गेला आणि साखळी नको म्हणून सांगून आला. काकांनी ती खुशीने परत खुंटीला अडकवली. मग संध्याकाळभर मामा जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावत होता. गाडी घेऊन या, मागची बकलं मोकळी करून देतो, फुकट. एकजण टोचतं म्हणून कुरकुरला, तर मामा म्हणाला, टोचू दे, म्हणजे आठवण राहील. अंधार पडेपर्यंत दुकानासमोर गाड्यांची रांग लागली होती. ज्या हाताने भोक म्हणजे पाप मानलं, तोच हात कात्री घेऊन एकेका कव्हराला भोकं पाडत होता. कडा मात्र त्याने प्रत्येक भोकाला सुबक दुमडून शिवल्या. स्वभावाला औषध नाही.

रविवारी सकाळी मी निरोप द्यायला फाटकाशी उभी राहिले. मागच्या सीटवर एका कडेला मामी, दुसऱ्या कडेला मुकादम आणि मध्ये पट्टा बांधलेला बिस्किटांचा डबा, तिघंही सारख्याच रुबाबात. मामा ताईशी फोनवर बोलत आला, निघालोच गं, म्हणाला, फोन खिशात टाकला आणि नातवंडं बघायच्या घाईत किल्ली फिरवली. मुकादम भुंकला. मामाने मागे वळून त्याला चुचकारलं. तो आणखी जोरात भुंकला.

"अहो," मामी म्हणाली, "तुमचं राहिलं. तो काय सांगतोय ते ऐका जरा."

मामाने खाली बघितलं. त्याचाच पट्टा लोंबत होता. त्याने तो ओढून लावला, खट्. मामीने डब्याचं झाकण उघडलं आणि मुकादमाला एक नाही, दोन बिस्किटं दिली.